बायोडाट्यावर नंबर कुणाचा?

मी एक जुना प्रिंटर आहे, मित्रांनो. सोनपेठच्या बसस्थानकासमोर संघप्रियाताईंचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या खालच्या फळीवर कागदांच्या रिमांशेजारी मी बसलेला असतो. मूळचा मी पांढराशुभ्र होतो. आता जुन्या पुस्तकाच्या पानासारखा पिवळट झालो आहे. माझ्या डोक्यावर कुणी ना कुणी काहीतरी ठेवून जातं. आज स्टेपलरचा डबा आहे, काल लिंबाची पिशवी होती. सध्या मला काम कमी आणि फुरसत भरपूर, म्हणून माझी हकिगत तुम्हाला सांगायला बसलो आहे.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो, ते मला ठाऊक नाही. आठवतो तो फक्त खोक्यातला अंधार आणि अंगाला घट्ट बसलेलं थर्मोकोल. माझ्या पोटात एक गुळगुळीत नळकांडं आहे, त्याला ड्रम म्हणतात. काळ्या भुकटीची एक डबी आहे, ते टोनर. आणि एक तापणारा रूळ आहे. कागद आत आला की भुकटी अक्षरांच्या आकारात त्याच्यावर बसते आणि रुळाच्या उष्णतेनं पक्की होते. म्हणून माझ्यातून निघालेला कागद कोमट असतो. दुकानात येणारी लहान मुलं तो हळूच गालाला लावून बघतात. मला ते फार आवडतं.

माझी पहिली नोकरी परभणीत होती. माधवराव नावाच्या विमा एजंटांनी मला विकत आणलं. ते मोठे टापटिपीचे गृहस्थ. दर शनिवारी मऊ फडक्यानं माझं अंग पुसत. त्यांच्या पत्नी विमलताईंनी माझ्यासाठी जुन्या पडद्याचं आवरण शिवलं होतं. परभणीची धूळ तुम्हाला माहीतच आहे. उन्हाळ्यात ती बंद दारातूनही आत येते, पण माझ्या पोटात कधी गेली नाही. घरी पाहुणे आले की माधवराव म्हणत, "आमचा प्रिंटर एकदाही अडकला नाही बघा." त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटे.

पुढे माधवरावांनी काम थांबवलं आणि ते मुलीकडं राहायला गेले. तेव्हा संघप्रियाताईंनी मला विकत घेतलं आणि मी एसटीच्या मागच्या सीटवर बसून सोनपेठला आलो.

संघप्रियाताई म्हणजे सिद्धोधन गुरुजींच्या कन्या. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. ताई बरीच वर्षं पुण्यात एका कंपनीत होत्या. नोकरीसाठी येणारे अर्ज वाचायचे, त्यांतले निवडायचे आणि साहेबांपुढं ठेवायचे, हे त्यांचं काम. गुरुजींची नजर अधू झाली, तेव्हा ताई पुणं सोडून घरी आल्या आणि त्यांनी हे दुकान टाकलं. सातबारा, आधार, परीक्षेचे फॉर्म अशी सगळीच कामं तिथं होत. पण ताईंचा जीव रमे तो बायोडाटा करण्यात.

मित्रांनो, त्या काळी आमच्याकडं बायोडाटा कसा काढत, ते आधी सांगतो. लोकांना नोकरीचा बायोडाटा आणि लग्नाचा बायोडाटा यांत फरकच वाटत नसे. वर गणपती, चहूबाजूंनी फुलांची वेलबुट्टी, मग उंची, रंग, मामाचं नाव, छंद क्रिकेट. माणसाला काय येतं, ते दुसऱ्या पानाच्या तळाशी सापडे. सापडलं तर.

एकदा मुकुल नावाचा तरुण ड्रायव्हरच्या नोकरीसाठी बायोडाटा काढायला आला. तो म्हणाला, "ताई, बॉर्डर जरा डिझाइनची टाका. भारी दिसलं पाहिजे."

ताई म्हणाल्या, "तू बस चालवतोस, तेव्हा समोरच्या काचेला फुलं चिकटवतोस का?"

"न्हाई."

"का?"

"रस्ता दिसत न्हाई मग."

"वाचणाऱ्यालाही रस्ता दिसला पाहिजे," असं म्हणून ताईंनी बॉर्डर काढून टाकली. मुकुल हसला. त्याच्या पानावर सगळ्यात वर जड वाहनाचा परवाना आला, त्याखाली त्यानं चालवलेल्या गाड्या आणि त्याखाली बिनअपघाताची वर्षं. मामाचं नाव गेलं. पुढं त्याला काम मिळालं, आणि तो अजूनही दुकानासमोरून जाताना हॉर्न देतो.

ताईंची रीत ठरलेली होती. अक्षर एकाच वळणाचं, फार बारीक नाही. कडेला मोकळी जागा. सगळ्यात अलीकडचं काम वर, जुनं खाली. शक्यतो एकच पान. आणि छापून झाल्यावर ते पान ज्याचं त्यानं मोठ्यानं वाचायचं. पडद्यावर न दिसलेली चूक कागदावर हमखास सापडते, असं त्या म्हणत. मला यात फार समाधान वाटे. इतर कागद मी नुसते छापून बाहेर टाकत असे. बायोडाटा मात्र बाहेर आला की तो माणूस क्षणभर स्वतःकडंच बघत उभा राही.

आता मी तुम्हाला रुख्मिणीची गोष्ट सांगतो.

पावसाळा सरत आला होता, तेव्हा एका दुपारी ती दुकानात आली. पस्तिशीच्या आसपासची, अंगावर साधी साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत जुनी प्रमाणपत्रं होती आणि वर्तमानपत्रातून फाडून घेतलेला जाहिरातीचा तुकडा. गंगाखेडच्या एका खाजगी रुग्णालयाला लॅब टेक्निशियन हवा होता, म्हणजे रक्त-लघवी तपासणारं माणूस.

"ताई, बायोडाटा काढायचाय," ती म्हणाली. "पण त्याच्यात लिहायला काय हाय, तेच कळंना."

"बसा. आधी कागद बघू," ताई म्हणाल्या.

रुख्मिणी मूळची राणीसावरगावची. परभणीत राहून तिनं डीएमएलटी हा लॅबचा अभ्यासक्रम केला होता आणि नंतर तिथल्याच एका लॅबमध्ये तीन वर्षं काम केलं होतं. मग लग्न होऊन ती सोनपेठला आली. तिचे पती सूर्यभान इथंच बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला आहेत. दोन मुलं झाली आणि लॅब मागं पडली ती पडलीच. आता धाकटाही शाळेत जायला लागला होता.

ताईंनी सगळी प्रमाणपत्रं काउंटरवर पसरून क्रमानं लावली. मग विचारलं, "तुम्हाला काय काय येतं, ते आधी सांगा. कुठं आणि कधी ते नंतर."

रुख्मिणी म्हणाली, "येत होतं, ताई. आता येतं का न्हाई, सांगता यायचं न्हाई."

"रक्त घेता येतं?"

"ते येतं. माझा हात हलका होता. म्हातारी माणसं मलाच बोलवायची."

ताईंनी ते टाइप केलं. मग काचपट्टी तयार करणं आलं, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणं आलं, रक्तगट, साखर, मलेरियाची तपासणी आली. विचारता विचारता रुख्मिणीचा आवाज बदलत गेला. आधी ती एकेका शब्दात उत्तर देत होती. पुढं पुढं ती स्वतःच सांगायला लागली, की डेंग्यूच्या साथीत त्या लॅबमध्ये कशी गर्दी व्हायची आणि एकाही नमुन्याची तिनं कधी अदलाबदल होऊ दिली नाही.

"आता मधली वर्षं," ताई म्हणाल्या.

रुख्मिणी खाली बघायला लागली. "मधी काय, घर. आमचे एक पाहुणे म्हणायलेत की पाच वर्षांचं एक्सपीरियन्स सर्टिफिकेट आणून देतो. ओळखीचं हाय म्हणे."

"आणि समोरच्यानं विचारलं, त्या पाच वर्षांत कुठलं मशीन वापरलं, तर?"

रुख्मिणी काउंटरवरची प्रमाणपत्रं सरळ करू लागली.

"मोकळी जागा ठेवली तर वाचणारा ती आपल्या मनानं भरतो," ताई म्हणाल्या. "खोटं लिहिलं तर मुलाखत तिथंच संपते. एक ओळ सरळ लिहू. या काळात घरची जबाबदारी होती, आता पूर्णवेळ कामाला तयार आहे. झालं."

"असं लिहितेत का ताई?"

"मी पुण्यात असे कागद वाचत होते. असा एखादा दिसला की बरं वाटायचं."

मग नावाचा प्रश्न आला. प्रमाणपत्रांवर रुख्मिणी नागनाथ खंदारे होतं आणि आधारवर रुख्मिणी सूर्यभान परांडे. ताईंनी सासरचं नाव ठळक अक्षरात वर घेतलं आणि खाली लहान अक्षरात लिहिलं, प्रमाणपत्रांवरील नाव रुख्मिणी नागनाथ खंदारे. वडिलांचं नाव पडद्यावर आलं, तेव्हा रुख्मिणीनं त्यावरून हळूच बोट फिरवलं.

शेवटी ताईंनी विचारलं, "फोन नंबर?"

"ह्यांचाच टाका. माझा मोबाइल लेकरानं पाण्याच्या हौदात पाडला. परत घ्यायचं ऱ्हाऊनच गेलं."

ताईंची बोटं जरा थांबली. "फोन तुमच्यासाठी येईल, म्हणून विचारलं."

"ह्यांच्याकडं आला तर सांगतेत की ते."

ताईंनी नंबर टाकला. मी पान छापलं. रुख्मिणीनं ते मोठ्यानं वाचलं. इंग्रजी होतं, पण अडखळली नाही. एका ठिकाणी गंगाखेडचं स्पेलिंग चुकलं होतं, ते तिनंच धरलं. दुरुस्त करून मी पुन्हा छापलं. कोमट पान हातात धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं हुतं, अर्धं पानसुदिक भरायचं न्हाई."

ती गेली आणि मी वाट बघू लागलो. प्रिंटरला वाट बघायचं काय कारण, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या पोटातून गेलेल्या कागदाचं पुढं काय झालं, ते कळावं असं मलाही वाटतं. बहुतेक वेळा ते कळत नाही.

रुख्मिणी पुन्हा आली, तेव्हा पाऊस उघडला होता. फोन आला नव्हता. ताई म्हणाल्या, "आपणच विचारू," आणि त्यांनी आपला मोबाइल तिच्या हातात दिला. आवाज बाहेर ऐकू येईल असा ठेवला होता, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

रुग्णालयातली बाई सभ्यपणे म्हणाली, "मॅडम, आम्ही केला होता ना फोन, मागच्या आठवड्यात. तुमच्या मिस्टरांनी उचलला. ते म्हणाले मुलं लहान आहेत, रोज येणं-जाणं जमणार नाही. मग आम्ही दुसऱ्यांना घेतलं."

रुख्मिणीनं मोबाइल दुसऱ्या हातात घेतला.

"बरं," ती म्हणाली. "परत जागा निघणार हाय का?"

"दिवाळीनंतर लॅबला नवं मशीन येतंय. तेव्हा अजून एक माणूस लागेल. बायोडाटा परत पाठवून ठेवा."

फोन ठेवून रुख्मिणी स्टुलावर बसली. ताईंनी पाण्याची बाटली पुढं केली. पाणी पिऊन ती बोलली.

"ह्यांचं बी काही खोटं न्हाई, ताई. लेकरं लहानच हायत. पण मला एकदा इचारायचं तर."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. मित्रांनो, मी आजवर हजारो पानं छापली, त्यांतली बरीचशी चुकीचीही होती. चुकीचं पान दुरुस्त करून पुन्हा छापता येतं. पण हे पान अगदी बरोबर होतं. तिचं शिक्षण, तिचा हलका हात, तिची वर्षं, सगळं जिथल्या तिथं होतं. आणि तरी तिच्यासाठी आलेला निरोप तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

पुढं घरी काय झालं, ते मला गीताबाईंकडून कळलं. गीताबाई म्हणजे रुख्मिणीच्या सासूबाई. चार-पाच दिवसांनी त्या रुख्मिणीला घेऊन स्वतःच दुकानात आल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू आणि कमरेला कापडी बटव्यात बटणांचा मोबाइल.

"संघप्रिया म्हणतेत ती तूच का?" त्यांनी विचारलं. "गुरुजींची लेक ना? माझ्या लेकाला त्यांनीच शिकवलं. बाकी समदं शिकवलं, एवढं एक ऱ्हाऊन गेलं बघ."

रुख्मिणी म्हणाली, "आत्या, जाऊ द्या की."

"जाऊच देते. मी काय त्याला बोलले का?" मग त्या ताईंकडं वळल्या. "जेवायला बसल्यावर हिनं त्याला इचारलं, तुमी फोनवर काय सांगितलं म्हून. तर म्हणतो, मला वाटलं तू बेजार व्हशील. घर, लेकरं, वरून रोजची एसटी. हिनं पुढं वाढलं अन् उठून गेली. मी भाकरी थापत बसले हुते. मला लय वाईट वाटलं बाई. ही माझ्या घरात आली तवा मी हिच्या बापाला म्हणले हुते, पोरीचं शिक्षण वाया जाऊ देणार न्हाई. ते मीच इसरले."

त्यांनी बटव्यातून मोबाइल काढला आणि काउंटरवर ठेवला. "हा नंबर टाक तिच्या कागदावर. मी कुठं जातेय? फोन सदा माझ्या कमरेला असतो."

"आत्या, ते इंग्रजीत बोलतील."

"मग मी म्हणीन, थांबा, आणते बोलावून. एवढं मराठी कळतंच की त्यायला."

ताई हसल्या. त्यांनी लगेच नंबर बदलला नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, नंबर तर टाकूच. पण रुख्मिणीताई, दिवाळीला अजून वेळ आहे. पान मी कितीही नीट लावलं, तरी तुम्हीच म्हणाला होता, आता येतं का नाही सांगता येत नाही. ते आधी बघून घ्या."

बसस्थानकामागं शंतनु नावाच्या टेक्निशियनची छोटी लॅब आहे. ताईंनी त्यांच्याकडं शब्द टाकला. रुख्मिणीनं रोज दुपारी, मुलं शाळेत असताना तिथं जावं, असं ठरलं. पगार नाही, पण शिकायला मोकळीक. पेशी मोजायचं यंत्र आता सगळीकडं आलं होतं. रुख्मिणीच्या काळात ते काम डोळ्यांनी करत.

पहिल्या दिवशी सुई हातात घेऊन ती शीर शोधतच राहिली. समोर बसलेलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. ही गोष्ट रुख्मिणीनं घरी सांगितली, तर दुसऱ्या दिवशी गीताबाई लॅबमध्ये हजर. पदर सावरून खुर्चीत बसल्या आणि हात पुढं करून म्हणाल्या, "माझं काढ. माझी साखर बी कळंल." त्यांनी डोळे गच्च मिटले होते. थोड्या वेळानं म्हणाल्या, "काढ की, कशाची वाट बघायलीस?" रुख्मिणी म्हणाली, "झालं, आत्या." कापूस लावूनसुद्धा झाला होता.

हे सांगताना गीताबाई दुकानात आलेल्या प्रत्येकाला आपला कोपर दाखवत.

दिवाळी झाली. रुख्मिणी नवा बायोडाटा काढायला आली, तेव्हा वर एक ओळ वाढली होती. सोनपेठच्या लॅबमध्ये रोज दुपारी काम, स्वयंचलित यंत्राचा सराव. ताईंनी ती सगळ्यात वर घेतली, कारण ती सगळ्यात अलीकडची होती. मधल्या वर्षांची ओळ आता तिच्या खाली गेली आणि पहिल्यासारखी डोळ्यात भरेना. नंबर गीताबाईंचा पडला. मी ते पान छापलं आणि तेच पान ताईंनी रुग्णालयाला पाठवलं.

त्यानंतर आठवडी बाजार होता. बाजार करून सासू-सुना दुकानात टेकल्या होत्या. पिशवीतून मेथीच्या जुड्या डोकावत होत्या. तेवढ्यात गीताबाईंच्या कमरेचा फोन वाजला. बटव्याची गाठ सुटेना. रुख्मिणी पुढं झाली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि फोन कानाला लावला. त्या फोनचा आवाज इतका मोठा होता, की बोलणं सगळ्या दुकानाला ऐकू येत होतं.

"रुख्मिणी परांडे मॅडम आहेत का?"

"हाय ना. हितंच हाय. मी तिची सासू बोलायलेय."

"बरं, आजी. लॅबच्या जागेसाठी मुलाखतीला बोलवायचं होतं. पण मागच्या वेळी घरून नाही म्हणाले होते, म्हणून आधी विचारते. त्यांना रोज यायला जमेल ना? मुलं लहान आहेत म्हणे."

ताई कात्री हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

गीताबाई शांतपणे म्हणाल्या, "लेकरं माझ्यापशी ऱ्हातेत, मी सांभाळते त्यायला. लेकराचं इचारायचं तर मला इचारा, कामाचं इचारायचं तर तिला इचारा. देऊ का तिच्याकडं?"

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "द्या."

गीताबाईंनी फोन रुख्मिणीच्या हातात दिला आणि त्या मेथी निवडत बसल्या.

मुलाखतीची हकिगत रुख्मिणीनं नंतर ताईंना सांगितली. डॉक्टरांनी पान हातात घेऊन मधल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इतकी वर्षं घरी?" ती म्हणाली, "हो, सर. सोडून दिलेलं काम आता परत शिकलेय, ते वर लिहिलंय." मग त्यांनी तिला एका आजारी म्हाताऱ्या बाईंचं रक्त घ्यायला सांगितलं. त्या बाईंची शीर सापडत नव्हती, आधी दोनदा टोचून झालं होतं. रुख्मिणीनं त्यांचा हात आपल्या हातात धरून थोडा वेळ गरम केला. मग एकदाच टोचलं. डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्या तारखेपासून येता येईल का?"

नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स काढायला ती आली, त्या दिवशी ताईंनी पैसे घेतले नाहीत आणि रुख्मिणीनं आणलेले पेढे मात्र मोजून दोन घेतले, एक स्वतःला आणि एक गुरुजींना. मला अर्थातच पेढा मिळाला नाही, पण ताईंनी माझ्या अंगावरची धूळ पुसली.

मित्रांनो, त्यानंतर माझे दिवस पालटले. ताईंनी नवा रंगीत प्रिंटर आणला. तो मोबाइलवरून आलेला कागद तारेशिवाय छापतो. ताईंचा दोष नाही, लोकांना आता फोटो रंगीत लागतात. मला काउंटरवरून उचलून खाली ठेवलं. आवरण नाही, फडकं नाही. माझ्या पोटात धूळ साचली, कागद ओढणारा रबरी रूळ कोरडा पडला, आणि कागद आत घेताना मी कण्हू लागलो. कधी कधी वाटे, आपलं काम संपलं.

अशात एका सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं, तेव्हा एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. उंच, खांद्यावर रुमाल, शर्टाच्या खिशाला बियाण्यांच्या कंपनीचं पेन. त्यांनी पायरीवरच चपला काढल्या. दुकानात कुणी चपला काढत नाही.

"मी सूर्यभान परांडे," ते म्हणाले. "रुख्मिणीचा मालक."

"या की, दादा," ताई म्हणाल्या. "चपला असू द्या."

ते आत आले, पण बसले नाहीत. काउंटरवरचा पेपर सरळ करत म्हणाले, "एक काम होतं. स्टँडवर जाऊन गंगाखेडच्या समद्या गाड्यांच्या वेळा उतरवून आणल्यात मी. जायच्या अन् यायच्या." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे जरा छापून देता का? मोठ्या अक्षरात काढा. दाराच्या मागं लावायचंय."

ताईंनी कागद उघडून बघितला. अक्षर नीट होतं. शाळेत गुरुजींनी घोटून घेतलेलं असावं.

"घरात घड्याळ बघायच्या नादात तिची गाडी चुकायली," सूर्यभान म्हणाले. थोडं थांबून ते म्हणाले, "धाकट्याची वेणी... म्हणजे थोरलीची वेणी मीच घालायलोय आता. जमंना अजून. पण घालायलोय."

ताईंनी मान हलवली आणि त्या टाइप करू लागल्या. जायच्या गाड्या डावीकडं, यायच्या उजवीकडं, मधे मोकळी जागा. छापायची वेळ आली, तर नव्या प्रिंटरची शाई वाळलेली होती. त्यानं पान काढलं, पण अक्षरं अर्धवट. ताईंनी खाली वाकून माझ्यावरचा डबा उचलला, माझं झाकण उघडून आतली धूळ फुंकली, ओल्या नाही, कोरड्या फडक्यानं रूळ पुसला आणि तार लावली.

मी तापलो. कण्हलो. आणि मग पान बाहेर काढलं. काळंभोर, स्वच्छ, दारापासून पलंगापर्यंत वाचता येईल असं.

सूर्यभानांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. पान अजून कोमट होतं. ते वाचून झाल्यावर म्हणाले, "आणि एक. तिचा नवा मोबाइल आणलाय काल. तो नंबर तुमच्याकडं तिच्या कागदावर टाकून ठेवा. पुढं मागं लागंल." नंबर त्यांना तोंडपाठ होता.

त्या दिवसापासून ताईंनी मला पुन्हा चालू ठेवलंय. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा एखादं पान तरी माझ्यातून काढतात, रूळ कोरडा पडू नये म्हणून. तुमच्याही घरात, शाळेत एखादं जुनं यंत्र कोपऱ्यात असेल. त्याला झाकून ठेवा, अधूनमधून चालवून बघा. आम्ही वापरानं जितके झिजतो, त्याहून जास्त पडून राहिल्यानं खराब होतो. आणि माणसांचंही तसंच असतं, हे मी रुख्मिणीच्या हाताकडं बघून शिकलो.

तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा कधीतरी स्वतःचं असं एक पान लिहायला बसाल. त्यात खरं तेवढंच लिहा, नीट रांगेत लिहा आणि छापल्यावर एकदा मोठ्यानं वाचा. पण त्याला अजून अवकाश आहे. तोवर एवढंच करा, मित्रांनो. घरात कुणासाठी फोन आला, तर त्यांच्या वतीनं उत्तर देऊ नका. फोन त्यांच्या हातात द्या.